एलियननी ते फळ खाल्लंच नसेल तर?

रविवारच्या मिस्सानंतर आमच्या वसईच्या चर्चमध्ये मी सातवीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. आदाम-एवेचं पाप चाललं होतं: देवाने मना केलेलं फळ पहिल्या माणसांनी खाल्लं आणि ते पाप त्यांच्या सगळ्या वंशाच्या माथी आलं. एकाने विचारलं, "टीचर, एलियननी ते फळ खाल्लंच नसेल तर?" वर्ग खो खो हसला. पण पोरगा भलताच जुन्या वाटेवर होता.

पंधराव्या शतकात विल्यम ऑफ व्होरिलॉन या फ्रान्सिस्कन पंडिताने हेच मांडलं: दुसऱ्या जगातली माणसं आदामाच्या वंशातली नाहीत, मग आदामाचं पाप त्यांच्या माथी कसं? पापी असलीच, तर त्यांना तारायला ख्रिस्ताचं इथलं एक मरण कितीही जगांना पुरेल. पुन्हा दुसरीकडे जाऊन मरणं त्याला शोभणार नाही. हे 'शोभणार नाही' मला काही पटत नाही. गोठ्यात जन्मलेल्याला आता काय शोभायचं राहिलंय?

१७९४ मध्ये चर्चचा टीकाकार लेखक टॉमस पेनने याचीच टर उडवली: देवाच्या पुत्राने काय, एका जगातून दुसऱ्या जगात मरतच फिरायचं? टोला जबरदस्त आहे. पण मध्ययुगातले थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी पाचशे वर्षं आधीच सांगून ठेवलंय की देवपुत्र एकाहून अधिक मानवी स्वभाव धारण करू शकतो, म्हणजे एकाहून अधिक वेळा माणूस होऊ शकतो. देवाच्या सामर्थ्याला एकाच देहाची मर्यादा नाही. (गंमत म्हणजे जग एकच आहे, असं ते स्वतः मानत.)

व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे संचालक, जेझुइट फादर होसे फुनेस, यांनी २००८ च्या मुलाखतीत वेगळीच बाजू धरली. देहधारणा, म्हणजे देवाचं माणूस होणं, एकदाच घडली, पण इतरांना तारणाची गरज असेलच असं नाही. येशूच्या दाखल्यातलं, शंभरातलं हरवलेलं मेंढरू कदाचित आपणच. बाकीची नव्व्याण्णव देवाच्या मैत्रीतच असतील. मला हे आवडतं, आपला तोरा उतरतो. तरी बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की पृथ्वीवरचं आणि आकाशातलं सगळं क्रुसावरच्या रक्ताने समेटात आलं. न बिघडलेल्यांचा समेट कसला? इथे माझं अडतं.

पोप फ्रान्सिस २०१४ मध्ये एका प्रवचनात म्हणाले, उद्या मंगळावरून कुणी आलं आणि बाप्तिस्मा मागितला, तर? विषय होता येशूचा शिष्य पेत्र याचा: परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, ख्रिस्ती मंडळीत घेतलं म्हणून यरुशलेममध्ये त्याला जाब विचारला गेला होता. त्या परराष्ट्रीयांत आम्ही वसईकरही आलोच की.