गुलालाची गोणी

गुलालाची दहा किलोची गोणी मी आदल्या रात्रीच उधारीवर आणून पडवीत ठेवली होती. दुकानदार म्हणाला होता, "निकाल लागल्यावर न्या की दादा, गुलाल कुठं पळून चाललाय?" मला वाटलं, उधारी नको म्हणून टाळतोय.

कराड दक्षिणला मी काँग्रेसचा मतमोजणी प्रतिनिधी होतो. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं आणि मोजणी २३ ला. मधले दोन दिवस पारावर मतदारयादी पसरून आमचा हिशेब चालला होता : हे घर आपलं, हे त्यांचं, हे तळ्यात-मळ्यात. आमच्या घरापुढं मी डोळे झाकून पाच टिका केल्या. गावातनं लीड मिळणार यात शंकाच नव्हती, प्रश्न होता तो फक्त किती मिळणार याचा.

मोजणीच्या हॉलमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत. आपण जाळीच्या अलीकडं, टेबल पलीकडं. यंत्र आलं की नंबर बघायचा, सील बघायचं, १७ सी फॉर्मवरच्या एकूण मतदानाशी आकडा जुळवायचा. मग बटण दाबलं की एकेका उमेदवाराची मतं येत जातात. टीव्हीवाल्यांना त्यात नुसता आकडा दिसतो, मला मात्र यंत्रात गाव दिसत होतं. मतदान गुप्त असतं म्हणे! हजारभर मतांचा बूथ उघडला की कुठली आळी फिरली, हे पेन धरून बसलेल्याला बरोबर कळतं.

आमच्या गावाचं यंत्र आलं. लिहिताना रकाना चुकला असं वाटून मी म्हटलं, "मॅडम, परत दाखवा." त्यांनी दाखवला. आकडा तोच होता. गावात आम्ही मागं.

आमचे उमेदवार पृथ्वीराजबाबा चव्हाण ३९,३५५ मतांनी पडले. २०१९ ला भाजपच्या याच अतुलबाबा भोसल्यांना त्यांनी ९,१३० नं हरवलं होतं. (आमच्याकडं दोघंही बाबाच, त्यामुळं 'बाबा आले' एवढ्यावर कुणी फटाके लावायचे नाहीत.) शेजारी कराड उत्तरेत आमच्या आघाडीचे बाळासाहेब पाटीलही पडले. सातारा जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा महायुतीला, आणि राज्यात काँग्रेस १६ वर.

पोरं म्हणाली, यंत्रातच गडबड हाय. असेलही कुठं, पण मी जुळवलेल्या टेबलावर एक मत इकडचं तिकडं नव्हतं. मला वाटतं, आम्ही हिशेब पारावर केला तिथंच चुकलो. गावातला बराच ऊस कृष्णा कारखान्याला जातो आणि कारखान्याचे चेअरमन अतुलबाबांचे वडील. रात्री-अपरात्री माणूस आजारी पडलं की गाडी त्यांच्याच कृष्णा हॉस्पिटलकडं वळते. आणि लाडकी बहीण. जुलैपासूनचे पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये, वहिनीच्या खात्यावर आधीच पडले होते. आम्ही सभेत महिन्याला ३,००० देऊ म्हणून सांगत फिरत होतो. आमचं सांगणं होतं, त्यांचं खात्यात होतं.

त्या रात्री वहिनीनं ताट वाढलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊजी, भाकरी गरम हाय, आधी जेवा." मी काही विचारलं नाही. यादीतल्या त्या पाच टिकांपैकी एक तरी पुसायला हवी, एवढं कळलं.

दोन दिवसांनी, २५ तारखेला यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी. कराडात प्रीतिसंगमावरच्या त्यांच्या समाधीवर मोठमोठे नेते आले. कर्जत-जामखेडला १,२४३ मतांनी वाचलेल्या रोहित पवारांनी तिथं अजितदादांच्या पाया पडून घेतलं आणि दोघं हसले. बघून बरं वाटलं, रागही आला. आमच्या आळीतले दोन चुलतभाऊ निकालापासून बोलत नव्हते. विहिरीवरची पाण्याची पाळी तिसऱ्याच माणसाकरवी कळवायचे.

गोणी दुकानदार परत घेईना. चैत्रात वहिनी जोतिबाला निघाली तेव्हा तिनंच ती उसवली आणि पिशवीभर गुलाल काढून घेतला. उरलेला अजून पडवीत आहे. पैसे मी दिवाळीला भागवले.