स्पॅनिशचे भूतकाळ: माझा अनुभव

स्पॅनिश मी कामासाठी शिकायला घेतली. आमची टीम पुण्यात, क्लायंटची माणसं मेक्सिकोत मॉन्टेरेला, आणि ऑनलाइन क्लास घेणाऱ्या बाई स्पेनमधल्या वायादोलिदच्या. वर्तमानकाळ होईपर्यंत सगळं छान चाललं होतं, पण कोणी साधं "काल काय झालं?" विचारलं की गाडी अडायची, कारण स्पॅनिशमध्ये रोज लागणारे भूतकाळच चार आहेत आणि त्यातला कुठला कधी वापरायचा हे कुठल्याच टेबलात लिहिलेलं नसतं. भूतकाळात अडकलेले बरेच जण क्लास सोडून देतात असं मी पाहिलंय, म्हणून मला जे उपयोगी पडलं ते सविस्तर लिहितेय.

आधी नावांचा गोंधळ मिटवा. साधा, घडून संपलेला भूतकाळ परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकात 'इन्देफिनिदो' असतो, स्पॅनिश अकादमीच्या व्याकरणात तोच 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिम्प्ले' असतो आणि मेक्सिकोत नुसता 'प्रेतेरितो'. दुसरा 'इम्पेर्फेक्तो', त्याला मेक्सिकोच्या शाळांमध्ये 'कोप्रेतेरितो' म्हणतात. ही वेगळी नावं आंद्रेस बेल्यो या कराकासमध्ये जन्मलेल्या विद्वानाकडून आलीत, त्यांनी १८४७ मध्ये खास लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी व्याकरण लिहिलं होतं. हे कळेपर्यंत मला वाटायचं की यूट्यूबवरचे मेक्सिकन सर आणि आमच्या बाई वेगवेगळे काळ शिकवतायत.

मला खरी वाट सापडली ती मराठीतून. इंग्रजीतून शिकवलेल्या नियमांमध्ये एकाच 'गेले'ला दहा अटी लागतात, पण आपल्याकडे हा फरक तोंडात तयारच आहे. 'लहानपणी मी दर मे महिन्यात कोकणात जायचे' यातलं 'जायचे' म्हणजे इम्पेर्फेक्तो, 'इबा'. 'त्या वर्षी मी एकटी गेले' यातलं 'गेले' म्हणजे इन्देफिनिदो, 'फुई'. 'मी गेलेय तिकडे' म्हणजे 'ए इदो', पेर्फेक्तो. आणि 'मी आधीच गेले होते' म्हणजे 'आबिआ इदो', प्लुस्क्वाम्पेर्फेक्तो. 'जायचे' आणि 'जात होते' या दोन्हींना तिकडे एकच रूप पुरतं, त्यामुळे इम्पेर्फेक्तो आपल्यासाठी खरं म्हणजे सोपा आहे, आणि बनवायलाही तो सगळ्यात सोपा, मूळ रूपाच्या शेवटी 'आर' असलेल्या क्रियापदांना 'आबा' आणि 'एर' किंवा 'ईर' असलेल्यांना 'इआ' लावायचं, म्हणजे 'आब्लाबा', 'कोमिआ', आणि अख्ख्या भाषेत अनियमित फक्त तीन: एरा, इबा, बेइआ. इथे अजिबात घाबरू नका.

पण मराठीची ही मदत एका ठिकाणी संपते आणि ते ठिकाण नीट ओळखायला हवं. ते म्हणजे आपलं 'होते'. 'काल मी घरी होते' आणि 'काल तीन वाजता मी घरी होते', मराठीत क्रियापद तेच. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'एस्तुवे', कारण कालचा अख्खा दिवस एक गठ्ठा म्हणून बघितला आणि तो संपला. दुसऱ्याला 'एस्ताबा', कारण तीनच्या ठोक्याला आपण त्या प्रसंगाच्या आत उभे आहोत, आधी आणि नंतर काय झालं त्याच्याशी घेणंदेणं नाही. हे कळल्यावर 'जास्त वेळ चाललेली गोष्ट म्हणजे इम्पेर्फेक्तो' हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम मी वहीतून खोडून टाकला, कारण तो चुकीचाच आहे. दहा वर्षं माद्रिदमध्ये राहिले, हे सांगताना दहा वर्षं असूनसुद्धा इन्देफिनिदोच येतो, मुदत सांगितली आणि ती संपली की विषय मिटला. किती वेळ चाललं ते महत्त्वाचं नाही, तुम्ही ती गोष्ट बाहेरून बघताय की आतून ते महत्त्वाचं.

बाईंनी एकदा स्वतःची आठवण लिहून आणायला सांगितली. मी आधी मराठीत लिहिलं: 'मी बारा वर्षांची होते, पाऊस पडत होता, आजी ओसरीवर बसली होती, तेवढ्यात लाइट गेले.' मग एकेक क्रियापद घेऊन बसले. वय नेहमी इम्पेर्फेक्तोत, तेनिआ. पाऊस पडत होता, योबिआ. 'बसली होती' हे मात्र फसवं, दिसायला ते 'गेली होती'सारखं, म्हणजे प्लुस्क्वाम्पेर्फेक्तो वाटतं, पण आपल्याला म्हणायचंय की ती बसलेल्या स्थितीत होती, म्हणून 'एस्ताबा सेन्तादा'. 'आबिआ'वालं रूप घेतलं तर अर्थ होईल की त्याआधी येऊन बसण्याची क्रिया झाली होती. आणि लाइट गेले, तो एक झटक्यात घडलेला प्रसंग, 'से फुए ला लूस', तिकडेही लाइट 'जातातच'! त्या चार वाक्यांवर जवळजवळ सगळा क्लास गेला आणि माझ्या मते भूतकाळ शिकायची ही सगळ्यात चांगली पद्धत आहे, रिकाम्या जागा भरा यापेक्षा कितीतरी पटीने.

काही क्रियापदं तर काळ बदलला की मराठीत चक्क वेगळ्या शब्दाने सांगावी लागतात. 'साबिआ' म्हणजे मला माहीत होतं, 'सुपे' म्हणजे मला कळलं. 'कोनोसिआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. 'नो केरिआ' म्हणजे इच्छा नव्हती, पण 'नो किसे' म्हणजे सरळ नकार दिला. ऑफिसच्या मेलमध्ये हा शेवटचा फरक फार जपून वापरावा लागतो.

रूपं पाठ करण्याला पर्याय नाही, ते करावंच लागतं. मी गट पाडून केली. तेनेरचं तुव, एस्तारचं एस्तुव, पोदेरचं पुद, पोनेरचं पुस, साबेरचं सुप, आसेरचं इस, बेनिरचं बिन, या सगळ्यांना प्रत्यय एकच: ए, इस्ते, ओ, इमोस, इस्तेइस, इएरोन. देसिर, त्राएर, कोन्दुसिर यांच्यात शेवटचं 'इएरोन' न होता 'एरोन' होतं, दिखेरोन, त्राखेरोन. मोठ्याने म्हणत पाठ करा, कारण सगळा खेळ आघाताचा आहे. नियमित क्रियापदात आघात शेवटी येतो आणि नुसता तो हलला तरी काळ आणि माणूस दोन्ही बदलतात: 'आब्लो'त 'आ'वर जोर दिला की 'मी बोलते', 'ब्लो'वर दिला की 'तो बोलला'. तुवे, इसो या मंडळींमध्ये मात्र जोर आधीच्या अक्षरावर असतो. मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो पटकन ऐकू येत नाही, ऐकून ऐकून सवय करावी लागते. 'फुई' हे 'असणे' आणि 'जाणे' दोन्हींचं रूप आहे, त्याची उगाच धास्ती घेऊ नका, वाक्यात अर्थ आपोआप कळतो.

आपल्या लोकांसाठी अजून एक. आपण पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, जांभळं खाल्ली म्हणतो, क्रियापद खाण्याच्या वस्तूमागे जातं. स्पॅनिशमध्ये मी काहीही खाल्लं तरी 'कोमी'. 'ए कोमिदो'मधला 'कोमिदो'सुद्धा पोळीसाठी 'कोमिदा' होत नाही, 'आबेर' या मदतीच्या क्रियापदाबरोबर ('ए', 'आबिआ' ही त्याचीच रूपं) तो गोठलेलाच राहतो. वर आजीसाठी 'सेन्तादा' झालं ते 'एस्तार'मुळे.

राहिला पेर्फेक्तो. स्पेनमध्ये आज, या आठवड्यात, या वर्षी घडलेल्या गोष्टीला तो लागतो, आज सकाळी उठले यालासुद्धा. मॉन्टेरेच्या लोकांकडून तो त्या मानाने फार कमी ऐकू येतो, ते सरळ इन्देफिनिदो वापरतात. जेवणाच्या वेळेला कॉलवर ते 'या कोमिस्ते?' विचारतात, अगदी आपल्या 'जेवलीस का?'सारखं, आणि बाई तेच 'आस कोमिदो?' असं विचारतात. स्पेनमध्येच गालिसिया, आस्तुरियास आणि कानारी बेटांवर बोलताना साध्या भूतकाळाकडेच कल असतो, म्हणजे मेक्सिकन पद्धत अशुद्ध आहे हा समज काढून टाका. माझा सल्ला, लिहिताना एकच पद्धत धरा, ऐकताना दोन्ही कळू द्या. देले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या बी१ पातळीसाठी मी स्पेनची धरली कारण बाई तिथल्या, ऑफिसमध्ये मेक्सिकोची. परीक्षेत स्वतःचा अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा तो आजीचा आणि पावसाचा ढाचा मनात ठेवला, आधी देखावा इम्पेर्फेक्तोत, मग घडलेलं इन्देफिनिदोत, त्याच्या आधीचं काही असेल तर 'आबिआ' लावून. पास झाले.

आता सब्खुन्तिवो, म्हणजे इच्छा, शंका वगैरे सांगायची क्रियापदाची रूपं, चालू आहे आणि त्याचा भूतकाळ इन्देफिनिदोच्या 'ते सगळे'वाल्या रूपातूनच निघतो, तुविएरोनमधलं 'रोन' काढून 'रा' लावलं की तुविएरा, दिखेरोनचं दिखेरा. म्हणून ते अनियमित गट कंटाळा आला तरी आत्ताच पक्के करून ठेवा, पुढे तेच लागतात.