मळवली ते कामशेत, लेण्यांच्या वाटेने

मळवली सोडलं की लोकल आठ-दहा मिनिटांत कामशेतला पोचते. तेवढ्याच अंतराला आम्ही अख्खा दिवस दिला. रूळ उत्तरेला ठेवून, डोंगराला वळसा घालत भाजे, गायमुख खिंड, बेडसे आणि मग कामशेत. एका स्टेशनवर उतरायचं आणि दुसऱ्याच स्टेशनवरून परतीची गाडी धरायची, हा भटकंतीचा प्रकार मला मनापासून आवडतो. गाडी कुठे लावली याचा घोर नसतो आणि त्याच वाटेने परत फिरावं लागत नाही. मुख्य म्हणजे मधला मुलूख सलग उलगडत जातो.

पुणे-लोणावळा लोकलच्या खिडकीतून हे डोंगर हजारो लोक रोज बघतात. पण भाजे एका सुट्टीत, लोहगड दुसऱ्या पावसाळ्यात, बेडसे कधीतरी गाडीने, असं तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं तर ही सगळी एकाच वाटेवरची ठाणी आहेत हे लक्षातच येत नाही. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल बोरघाट चढून या खोऱ्यातूनच देशावर जायचा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या रहदारीच्या आधाराने उभी राहिली. पुढे रेल्वेनेही हाच मार्ग धरला. १४ जून १८५८ला खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली तेव्हा घाटात रूळच नव्हते. मुंबईकडची गाडी खोपोलीला थांबायची. तिथून लोक पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढून खंडाळ्याला पुढची गाडी गाठायचे. घाटातला लोहमार्ग १८६३मध्ये खुला झाला. तोवरची जवळजवळ पाच वर्षं दोन स्टेशनांमधली ही चढाई मुंबई-पुणे प्रवासाचाच भाग होती.

मळवलीहून दक्षिणेकडे निघालं की एक्सप्रेसवेवरचा पूल लागतो आणि पलीकडे भाजे गाव. पावसाळी रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. गणपती झाल्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी यावं. पायऱ्या चढून लेण्यापाशी पोचलो तेव्हा आमच्याखेरीज पहारेकरी तेवढा होता.

भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आतले २७ अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. छताचा भार बाहेर रेटतो म्हणून लाकडी इमारतीत खांब असे तिरपे रोवत. दगडात कोरताना त्याची काहीच गरज नव्हती. पण हात सुताराचे होते, सवय लाकडाची होती, म्हणून कातळातही तोच कल उतरला. दर्शनी भागात आज नुसती उघडी कमान आहे. तिच्या कडेची भोकं बघत मी बराच वेळ उभा होतो. पुढचा लाकडी साज याच खोबणींत बसवलेला होता. काही भोकांच्या कडा अजून इतक्या धारदार आहेत की बोट फिरवायचा मोह आवरावा लागतो. बाजूचा दगडी स्तूपांचा समूह आणि टोकाच्या विहारातली, म्हणजे भिक्षूंच्या निवासातली, प्रसिद्ध शिल्पं वेळ काढून बघावीत, इतकंच सांगतो.

भाज्यावरून गायमुख खिंडीची वाट चांगली चढाची आहे. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे आणि त्याच्याकडेच लोकांचा ओढा असतो. पण खिंडीत उभं राहून दोन्हीकडे बघा: विसापूर उंच आहे. मार्च १८१८मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि त्यावर लोहगड त्यांना लढाईविना मिळाला. असं का झालं, ते खिंडीतून नुसत्या नजरेनेच समजतं. आम्ही दोन्ही गड खालूनच बघितले. पुढचा पल्ला मोठा होता.

खिंडीजवळ एक मावशी ताक आणि काकड्या घेऊन बसल्या होत्या. कामशेतला चालत निघालोय म्हटल्यावर म्हणाल्या, "आता गाड्या झाल्या म्हणून. आमची सासू दुधाची किटली घेऊन टेशनापोतर रोज चालत जायाची." कुठल्या स्टेशनला, असं विचारलं तर त्यांनी मळवलीकडे हात केला. काकडीला मीठ-तिखट लावून देताना आम्हाला बजावलं, "लेणी बघा, पर उशीर करू नका. पुढं पानी न्हाई वाटेत."

खिंड ओलांडली की पवना धरणाचं पाणी दिसतं आणि त्यापलीकडे तुंग, तिकोना हे किल्ले. इथून पुढची चाल लांबलचक आहे, पण मला तीच सगळ्यात आवडली. विसापूरच्या दक्षिण अंगाने, कधी बैलगाडीच्या वाटेने तर कधी डांबरी रस्त्याच्या कडेने. उतारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली, ओलाव्याला तेरडा. खाचरांत भात निसवलेला होता आणि बांधावरून एकामागे एक चालताना ओल्या लोंब्या पोटऱ्यांना घासत होत्या. मावळात आता बहुतेक ठिकाणी इंद्रायणी भात दिसतो. आंबेमोहर आणि आयआर-८ या भाताच्या वाणांच्या संकरातून तो इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला.

बेडसे लेणी पूर्वाभिमुख आहेत, त्यामुळे दुपारी पायऱ्या चढून गेलो की गारव्यात शिरतो. दोन कातळांमधल्या चिंचोळ्या बोळातून आत जावं लागतं आणि एकदम ते प्रचंड खांब समोर येतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेले स्त्री-पुरुष. मान वर करून बघा: एकेका प्राण्याच्या अंगाचा भार, स्वारांचे दागिने, सगळं अजून शाबूत आहे. माझ्या मते या तीन लेण्यांमध्ये कोरीवकामाची सफाई इथे सर्वांत जास्त आहे आणि माणसांची वर्दळ सर्वांत कमी. ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लेख आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचं दान. नाशिकचा व्यापारी मावळात येऊन दान देतो, तेही अशा आडबाजूच्या डोंगरात. दिवसभर ती वाट तुडवून आल्यावर हे नाव वाचलं आणि हा माणूस मला सहप्रवासी वाटला.

बेडशाहून कामशेतपर्यंत सरळ रस्ता आहे. पाय बोलत असतील तर पवनानगरहून येणारी एसटी किंवा जीप मिळू शकते, आम्ही चाललो. माणशी निदान तीन लिटर पाणी घ्या आणि मळवलीला सकाळच्या लोकलनेच उतरा, कारण दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो. कामशेत बाजारात वडापाव-चहा होईपर्यंत पुण्याची गाडी आली. पुढचा टप्पा तळेगाव ते बेगडेवाडी, घोरवडेश्वराच्या डोंगरावरून. तिथेही लेणी आहेत, आणि वाट तीच.