धडधाकट बायका हव्यात, एकशे वीस

आमच्या लॅबच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनसमोर जी नॉर्मल रेंज छापली जाते ती आली कुठून, असं मॅडमनी एकदा विचारलं. मशीनच्या पुस्तकातून. आणि पुस्तकात आकडे परदेशी माणसांचे. मग ठरलं, आपल्याच लोकांवरून काढू. निरोगी पुरुष किमान 120, बायका किमान 120. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के सोडायचे. मधले 95 टक्के म्हणजे नॉर्मल. (म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं रेंजबाहेरच. पेशंटला हे समजावताना माझी दरवेळी पंचाईत होते.)

पुरुष पटापट मिळाले. तालमीतल्या पोरांना फक्त आधी जोर-बैठका मारू नका म्हणून बजावावं लागलं. व्यायामानं पांढऱ्या पेशी तात्पुरत्या वाढतात.

बायकांच्या दिवशी पहिल्याच मावशी आल्या त्या गावाकडून दूध घालायला येणाऱ्या. फॉर्म भरताना मी विचारत होते, ताप? गोळ्या? ऑपरेशन?

"मला काय धाड भरलीया? दर रविवारी जोतिबाचा डोंगर चालत चढतो मी."

हिमोग्लोबिन आलं 9.1. रक्त नीट मिसळलं नसेल म्हणून नळी हलवून परत लावलं. तेच. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, 66; कमीच. स्लाइडवर तांबड्या पेशी बारक्या, फिकट. संध्याकाळपर्यंत निम्म्याअधिक बायका 12 च्या, म्हणजे रक्तक्षयाच्या हद्दीच्या, खाली. तसं नवल नव्हतंच; 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या होत्या. पण फॉर्मवर सगळ्या निरोगी!

मी म्हटलं, "मॅडम, आपल्याकडच्या बायका अशाच. मग हीच आपली रेंज."

"म्हणजे खालची हद्द नवावर आणायची? आणि या मावशींना नॉर्मल म्हणून कागद द्यायचा?"

मी गप्प. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीचं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, केलं. 15 च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. ती यादीतून बाद. साठा ठीक पण पेशी बारक्या असल्या, तर थॅलेसेमिया मायनरची (आईबापाकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) तपासणी. यादी अशी झडली की आठवड्यात उरकायचं काम पावसाळ्यापर्यंत लांबलं.

मावशींचं फेरिटिन 4 होतं. रिपोर्ट द्यायला बोलावलं, डॉक्टरांकडं जा म्हणून सांगितलं. लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतील, हेही. त्यांचं लक्ष दुसरीकडंच.

"म्हंजे तुमच्या यादीत मी न्हाई?"

"नाही मावशी."

त्यांना ते लागलं. कागदाची घडी करून पिशवीत घातली, दारापर्यंत गेल्या आणि मागं फिरल्या.

"मग सुनंचं बी रगत काढा. ती तर माझ्यापरीस फिकट हाय."