सरवटे बाद व्हावा की होऊ नये?

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना रंगला, तेव्हा नागपूरकर क्रिकेटप्रेमींपुढे एक चमत्कारिक पेच उभा राहिला. केरळच्या पहिल्या डावात आरंभीच पडझड झाल्यावर तो डाव सावरण्यासाठी जो डावखुरा खेळाडू चिवटपणे उभा राहिला, तो आदित्य सरवटे होता. म्हणजे नागपूरचाच, आणि तोही साधासुधा नागपूरकर नव्हे. सहाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन, चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला एका डावात एका धावेवर आणि दुसऱ्या डावात शून्यावर बाद करून, विदर्भाला सलग दुसऱ्यांदा करंडक मिळवून देणारा तो गोलंदाज. या हंगामात तो केरळकडून खेळत होता आणि उपांत्य सामन्यात गुजरातचा शेवटचा फलंदाज त्याच्याच चेंडूवर बाद झाल्यामुळे केरळला पहिल्या डावात दोन धावांची आघाडी मिळाली होती, आणि रणजीत बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर याच आघाडीवर निकाल लागतो. फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि स्लिपमधल्या कर्णधाराच्या हातात विसावला, इतका तो बळी नशिबाचा होता. केरळ इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत पोचला, तो असा एका नागपूरकराच्या हातून.

माहेरच्या अंगणात सासरची बाजू घेऊन भांडायला आलेल्या लेकीकडे आईबाप ज्या नजरेने पाहतील, त्या नजरेने प्रेक्षक सरवट्याकडे पाहत होते. त्याने चौकार मारला की टाळ्या वाजवायला हात नकळत वर येत आणि मग फलकाकडे लक्ष जाताच पुन्हा मांडीवर जाऊन बसत. माझ्या पुढच्या रांगेतील एक मध्यमवयीन गृहस्थ प्रत्येक षटकानंतर शेजाऱ्याला सांगत होते, "पोट्टा आपलाच आहे ना बे, चांगलाच खेळणार." त्या स्वरात तक्रार होती की अभिमान, हे त्यांनाही सांगता आले नसते. अखेर ७९ धावांवर हर्ष दुबेच्या गोलंदाजीवर सरवटे बाद झाला, तेव्हा हेच गृहस्थ आसनावरून उठून ओरडले, आणि खाली बसल्यावर स्वतःशीच पुटपुटले, "शतक व्हायला पाहिजे होतं लेकाचं."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. संघावर आपला जीव जडतो असे आपण सहज म्हणतो. पण तो नेमका कशावर जडलेला असतो? खेळाडूंवर म्हणावे, तर त्या सामन्यात नागपूरचा सरवटे समोरच्या बाजूला होता आणि विदर्भाचा आधारस्तंभ होता करुण नायर, जो जन्माने जोधपूरचा, क्रिकेटने कर्नाटकचा आणि घराण्याने मल्याळी. विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी झाली असताना त्याने तरुण दानिश मालेवारबरोबर २१५ धावांची भागीदारी केली, स्वतः ८६ धावा काढल्या, आणि दुसऱ्या डावात १३५ धावांची खेळी करून केरळच्या आशा संपवल्या. या दोन्ही डावांत त्याच्या नावाने जो गजर झाला, त्यात 'हा बाहेरचा' हा विचार कोणाच्या मनाला शिवला असेल असे मला वाटत नाही. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर असताना उंच मारलेला त्याचा फटका नायरनेच झेलला. आपल्याच पूर्वजांच्या प्रांताचे स्वप्न मोडणारा तो झेल पाहून नागपूरकरांना तो जणू धंतोलीत वाढला असावा इतका आपला वाटला.

मैदानावर म्हणावे, तर तेही टिकत नाही. ज्यांचे बालपण सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानाशी बांधलेले आहे, १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध घेतलेली हॅटट्रिक आणि त्याच दिवशी सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक झळकावलेले ज्यांना आठवते, त्यांनी २००८ मध्ये क्रिकेट शहराबाहेर वर्धा रोडवर गेल्याबद्दल भरपूर कुरकुर केली. जामठ्याला जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो, सावली मिळेल याची खात्री नाही आणि बर्डीवर उतरून पायी घरी जाण्याची सोय तर मुळीच नाही, हे सारे खरेच होते. तरी ते जामठ्याला गेलेच.

यशावर म्हणावे, तर विदर्भाच्या चाहत्याइतका या सिद्धांताचा चालताबोलता इन्कार दुसरा सापडणार नाही. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला १९५७-५८ च्या हंगामात आणि करंडक पहिल्यांदा हाती आला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला, दिल्लीला हरवून. मधली साठ वर्षे म्हणजे वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाच्या तळाशी, मुंबईच्या बातमीखाली, बारीक अक्षरात छापलेला धावफलक. विदर्भाचा पहिला कसोटीपटू म्हणून उमेश यादव भारताकडून मैदानात उतरला तोही २०११ मध्ये. पुण्यामुंबईकडचे पाहुणे घरी आले की क्रिकेटच्या गप्पांत त्यांच्याकडे सांगायला डझनभर नावे असत, आणि आमच्याकडे असे संत्री आणि उन्हाळा. अशा काळातही सकाळी तो बारीक धावफलक शोधून वाचणारी माणसे या शहरात होती, आणि त्यांच्यापैकी काही आजही आहेत. त्यांना त्यातून काय मिळत होते?

मानसशास्त्राने या प्रश्नाकडे लक्ष दिलेले आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील विद्यापीठांत असे दिसले, की शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, तर सोमवारी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते. आणि विजयाबद्दल बोलताना विद्यार्थी स्वतःला संघात धरतात, पराभवाबद्दल बोलताना मात्र हळूच बाजूला होतात. दुसऱ्याच्या तेजात आपण उजळून निघावे, ही इच्छा मानवी आहे आणि तिचा पुरावा कोणत्याही चौकात सापडतो. पण या स्पष्टीकरणाने विदर्भाचा चाहता उलगडत नाही. जिथे साठ वर्षे तेजच नव्हते तिथे उजळायचे कशात? आणि आता तीन वेळा करंडक जिंकल्यावरही विदर्भाची जर्सी घालून सीताबर्डीवर मिरवणारा मनुष्य माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

जर्सी दिसतात त्या आयपीएलच्या, आणि ती तर आणखी मजेची गोष्ट आहे. आयपीएलमध्ये नागपूरचा संघ नाही. २०१० मध्ये डेक्कन चार्जर्सचे काही घरचे सामने इथे झाले, तेव्हा घटकाभर हैदराबादला आपले म्हणून पाहिले, इतकेच. त्यामुळे इथल्या प्रत्येकाने आपला संघ स्वतः निवडला आहे आणि एकाच घरात तीन संघांचे चाहते सुखाने भांडत असतात. माझा भाचा चेन्नईचा कट्टर भक्त आहे. त्याने चेन्नई शहर पाहिलेले नाही, तमिळचा एक शब्द त्याला येत नाही, इडलीसुद्धा त्याला फारशी आवडत नाही. पण चेन्नई हरली की तो रात्री जेवत नाही आणि मुंबईच्या चाहत्याशी, म्हणजे सख्ख्या बहिणीशी, दोन दिवस बोलत नाही. हेन्री ताजफेल यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांची इथे आठवण होते. एका प्रयोगात मुलांना सांगितले, की तुमच्या आवडीवरून तुम्ही क्ले या चित्रकाराच्या गटातले आणि तुम्ही कँडिन्स्कीच्या. प्रत्यक्षात ही विभागणी निव्वळ मनाला येईल तशी केलेली होती. गटातले सोबती कोण, हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. म्हणजे आपुलकीला कारण लागत नाही, केवळ एक रेघ ओढलेली असली की पुरते. माझ्या भाच्याच्या पिवळ्या जर्सीचा उलगडा मला या प्रयोगात मिळतो.

मात्र रेघेने सुरुवात होते, ओढ टिकत नाही. ती टिकायला दुसरे काहीतरी लागते आणि ते काय असावे याचा अंदाज मला माझ्या मामांकडे पाहून येतो. १२ मार्च २०११ रोजी विश्वचषकाचा भारत-दक्षिण आफ्रिका सामना जामठ्याला होता आणि मामा मैदानात होते. सचिनचे शतक झाले, भारताच्या २६७ धावा आणि एकच गडी बाद, अशा सुखाच्या क्षणी मामा काहीतरी खायला आणण्यासाठी उठले. त्यानंतर उरलेले नऊ गडी २९ धावांत गेले, भारताचा डाव २९६ वर आटोपला, आणि शेवटच्या षटकात हव्या असलेल्या तेरा धावा दक्षिण आफ्रिकेने दोन चेंडू राखून काढल्या. त्या स्पर्धेत भारत हरला तो हा एकच सामना. मामा आजही शांतपणे, पूर्ण गांभीर्याने सांगतात, की आपण उठायला नको होते. ते निवृत्त अभियंते आहेत, पत्रिका मानत नाहीत, मांजर आडवे गेले तरी थांबत नाहीत. पण डेल स्टेनच्या पाच बळींमागे आपल्या समोशाचा हात आहे, यावर त्यांचा विश्वास आहे.

या विश्वासाला हसणे सोपे आहे, मीही हसतो. तरी त्याच्या मुळाशी जे आहे ते मला महत्त्वाचे वाटते. सामना पाहणाऱ्याच्या हाती काहीही नसते. त्याला चेंडू टाकता येत नाही, क्षेत्ररक्षक हलवता येत नाही, आणि तरीही त्याचे काळीज खेळाडूइतकेच, कदाचित जास्तच, धडधडते. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचे सामने असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची संख्या अडीच पटींहून अधिक झाल्याची नोंद डॉक्टरांनी करून ठेवली आहे. एवढी तगमग आणि काही करण्याची सोय शून्य, ही अवस्था माणसाला फार वेळ सोसत नाही. मग तो जागा न सोडण्याचे, एकाच कपाने चहा पिण्याचे, टीव्हीकडे पाठ करून बसण्याचे काम स्वतःकडे घेतो. हे काम निरुपयोगी असले तरी ते तो मन लावून, वर्षानुवर्षे करतो, आणि ज्याच्यासाठी आपण इतके राबलो ते आपल्याला परके वाटणे मग शक्य राहत नाही. संघाने आपल्याला काय दिले यापेक्षा आपण संघापायी काय काय केले, यानेच ही गाठ घट्ट होत असावी.

विदर्भाच्या त्या जुन्या चाहत्यांचे असेच झाले असावे. डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याला कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना शेवटच्या दिवशी गेला, तेव्हा कर्नाटकाचे तीन गडी शिल्लक होते आणि धावा हव्या होत्या ८७. सामना खिशात आहे असे वाटत असताना त्यांचे शेपूट वळवळत राहिले, आणि आमच्या कार्यालयात त्या सकाळी एकही फाइल जागची हलली नाही. रजनीश गुरबानीने शेवटचा गडी बाद करून पाच धावांनी विजय मिळवून दिला, तेव्हा एरवी एकमेकांशी कामापुरतेही नीट न बोलणारे दोन कर्मचारी एकमेकांच्या गळ्यात पडले. त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्याला विचारले, "तुम्ही पण रणजी पाहता?" इतकी वर्षे शेजारच्या टेबलावर बसून दोघेही तो बारीक धावफलक वाचत होते आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता. अंतिम सामन्यात गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक केले, फैज फजलने करंडक उचलला, हे सारे पुढे आनंदाने पाहिलेच. पण माझ्या दृष्टीने विदर्भाचा खरा विजय त्या दोन टेबलांमधल्या अंतरावरचा होता. संघ बदलतो, मैदान बदलते, आज आपला असलेला उद्या समोर उभा राहतो. बदलत नाहीत ती आपल्यासारखीच रिकामी तगमग सोसणारी माणसे, आणि संघावरचे आपले प्रेम बरेचसे त्यांच्यावरचे असते, असे मला वाटू लागले आहे. मुंबईकडून खेळून थकलेला वसीम जाफर नागपुरात आपला झाला, तो आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला आपला म्हटले म्हणून.

२०२५ चा तो अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. खेळ न समजणाऱ्याला हा विजय समजावून सांगणे कठीण आहे, कारण शेवटचा चेंडू, शेवटचा बळी असे काही घडतच नाही. विदर्भाच्या ९ बाद ३७५ धावा झाल्या असताना दोन्ही संघांनी हस्तांदोलन केले आणि लोक उड्या मारू लागले. एकाच हंगामात ६९ बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे सरवट्यासारखाच डावखुरा फिरकी गोलंदाज, त्यामुळे सरवट्याची जागा भरली म्हणून लोक खूश होते, आणि सरवटे आता परत यावा असेही त्याच तोंडाने म्हणत होते.

पुढच्या हंगामात करुण नायर कर्नाटकाकडे परतला. आमच्या धरमपेठेतल्या पानठेल्यावर या विषयाची साग्रसंगीत चर्चा झाली. तो विदर्भाविरुद्ध फलंदाजीला आला तर काय करायचे, या प्रश्नावर बराच वेळ एकमत होईना. शेवटी ठेलेवाल्यानेच, खर्रा घोटता घोटता, निकाल दिला: "त्याचं शतक होऊ द्या ना भाऊ. बाकीचे दहा आहेतच की बाद करायला."