तळघरातला पियानो

शनिवार, रात्री उशिरा

‘साकामिची नो अपोलोन’चे पहिले दोन भाग आज सलग पाहिले. ही जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे चित्रं काढून केलेली मालिका, २०१२ची, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, संगीत योको कान्नो यांचं. प्रेमकथा म्हणून लावली होती, पण डोक्यात घोळतोय तो पियानो आणि ड्रम्स.

काळ १९६६चा, गाव सासेबो. क्युशू बेटावरचं बंदर, अमेरिकी आरमाराचा तळ असलेलं. अशा गावातल्या पोरांना जॅझचं वेड लागावं हे अगदी पटतं. नायक काओरूचे वडील बोटीवर, त्यामुळे त्याच्या शाळा सारख्या बदलत आलेल्या. आता तो काकांकडे राहतो, आणि त्या घरात त्याचं कुणालाच फारसं कौतुक नाही. वर्गात सगळे रोखून बघायला लागले की त्याला मळमळतं आणि तो गच्चीकडे धाव घेतो. एकटं पडलेलं पोर इतक्या नेमकेपणाने दाखवलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

मग त्याच्या वर्गातल्या रित्सुकोच्या वडिलांचं रेकॉर्डचं दुकान आणि त्याखालचं तळघर. तिथे सेन्तारो, शाळेतला दांडगट, ड्रम्स बडवत बसलेला. काओरू शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीत शिकलेला, सूर एकही चुकत नाही. तरी सेन्तारोला ते जॅझ वाटतच नाही, कारण त्यात स्विंग, म्हणजे जॅझच्या तालातला तो झोका, नाही. काओरूला ते लागतं. आणि तिथूनच त्याचे हात शिवशिवायला लागतात, ते बघताना फार छान वाटलं.

धून आहे ‘मोनिन’. बॉबी टिमन्सची रचना, ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडने १९५८मध्ये ध्वनिमुद्रित केलेली. पियानो एक ओळ म्हणतो, बाकीचे दोनच ठोक्यांत तिला उत्तर देतात. आपल्या भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, तसंच. ज्या मुलाला आजवर कुणी उत्तरच दिलं नाही, त्याच्या हाती हीच धून यावी! निवड करणाऱ्याला मनापासून दाद.

वाजवणारे हातही खोटे नाहीत. ड्रम्स शुन इशिवाका या तेव्हा विशीही न गाठलेल्या मुलाने वाजवलेत, पियानो ताकाशी मात्सुनागा यांनी. त्यांच्या वादनाचं चित्रीकरण करून त्यावरून चित्रं काढली. म्हणून काठी झांजेवर पडते तेव्हाच आवाज येतो, मनगट सैल सुटतं तेही दिसतं. एरवी चित्रपटांतले नट पेटीवर नुसती बोटं फिरवताना बघून माझा रसभंग होतो. इथे मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला, फक्त मनगटांसाठी.

प्रेमाचं म्हणाल तर काओरूचा जीव रित्सुकोवर जडलाय आणि तिची नजर सेन्तारोवर. लाजून लाल होणं वगैरे नेहमीचंच, त्यात मी फार रमले नाही. पण हे दोघं मुलगे वाजवताना एकमेकांकडे बघून हसतात, त्या हसण्यापुढे बाकीचं प्रेमप्रकरण मला आत्ता तरी फिकं वाटतंय. रित्सुकोपायी यांचं वाजवणं थांबू नये, एवढीच धास्ती आहे. तिसरा भाग उद्या सकाळीच लावणार.