हद्दीबाहेरचा रकाना

शहराचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन खाली आलं, असं दाखवणारा आलेख माझा तयार होता. दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे जायचा होता. आमच्या मोजणीच्या कामात चांगली बातमी क्वचितच हाती लागते, त्यामुळे स्वारी जरा खुशीतच होती.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम ग्रामीण भागाचा हिशोब बघतात. चहा पिता पिता माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "तुमचं ज्या वर्षी उतरलंय ना, त्याच वर्षी माझं चढलंय." योगायोग असेल, म्हटलं मी. त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावले. कचऱ्याच्या रकान्यात माझी पट्टी जेवढी खाली, जवळपास तेवढीच त्यांची वर. योगायोग कसला! जुनी कचराभूमी भरल्यावर शहरानं नवी जागा हद्दीबाहेर घेतली होती.

ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. शहरांनी आपलं उत्सर्जन कसं मोजायचं हे सांगणारी २०१४ ची जीपीसी नियमावली इथे स्पष्ट आहे: कचरा शहरात तयार झाला असेल, तर तो बाहेर नेऊन टाकला तरी शहराच्याच खात्यात, 'स्कोप ३' मध्ये, म्हणजे शहरामुळे पण हद्दीबाहेर होणाऱ्या उत्सर्जनात धरायचा. तो रकाना मी 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून मोकळा सोडला होता. चूक सरळसरळ माझी. त्यात आमची पद्धत अशी, की ज्या वर्षी कचरा टाकला त्याच वर्षाच्या नावावर त्याचा सगळा मिथेन चढवायचा. म्हणून आलेख एका वर्षात धाडकन उतरला. प्रत्यक्षात जुना ढीग वर्षानुवर्षं वायू सोडतच राहणार आहे.

दुपारी दोघंही नव्या जागेवर गेलो. वजनकाट्यावरच्या वहीत गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, सगळं नीट लिहिलेलं. वहीच्या कडा घामानं काळवंडलेल्या. माझी 'उपलब्ध नसलेली' माहिती ती हीच.

तिथला एक ड्रायव्हर म्हणाला, "मी भरून येतो, रिकामा जातो. शेतमालाच्या गाड्या भरून शहरात जातात, रिकाम्या येतात. रस्त्यात आम्ही एकमेकांना हात करतो." तो सहज बोलून गेला, पण मॅडम वहीतून मान वर करून त्याच्याकडे बघतच राहिल्या. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि रिकामी गाडी म्हणून इंजिन काही उपाशी चालत नाही. कचऱ्याच्या गाडीत भाजी भरता येत नाही, हे मलाही कळतं. पण ओला कचरा शहरातच वेगळा करून त्याचं खत केलं, तर ते शेतमालाच्या परतणाऱ्या गाडीतून शेतावर जाऊ शकतं. मग ढिगाखाली कुजायला उरेल किती? शहर आणि गाव जोडलं म्हणून सगळे नव्या रस्त्याकडे बोट दाखवतात. त्या रस्त्यावरून शहराकडून गावाला काय जातंय, ते वजनकाट्याच्या वहीत आहे.

परतताना मॅडमनी स्वतःचीही एक तक्रार सांगितली. गावातलं घर चुलीवरून गॅसवर गेलं की त्यांचा आकडा वाढतो, कारण लाकडाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरतच नाहीत, तो जमीन आणि जंगलाच्या हिशोबात जातो. "बाई धुरातून सुटली आणि मी नापास झाले," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी रकाना भरला. शहराची पट्टी वर गेली. दोन्ही तक्ते एकाच पानावर घ्यायचे, मधली हद्दीची रेघ पुसट ठेवायची, इथवर लगेच ठरलं. शीर्षकाला मात्र रात्रीचे साडेनऊ वाजले, कारण 'घट' हा शब्द खोडल्यावर त्या जागी काय लिहायचं यावर आमचं एकमत होईना.